पाच खण, काष्ठ-पाषाणासह

घर केवढं आहे असं विचारलं, तर परभणीकडचा जुना माणूस चौरस फूट सांगत नाही. ‘पाच खणांचं माळवद आहे’, असं म्हणतो. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. एकाचा खण दुसऱ्याच्या खणाएवढा असेलच असं नाही. सागवान लांब मिळालं तर खण ऐसपैस, नाही तर बेताचा. हे माप जमिनीचं नव्हतं, लाकडाचं होतं. म्हणून घर घ्यायला आलेला माणूस ढेळजेतून आत शिरला की आधी मान वर करून तुळया बघायचा, मग खाली वाकून खांबाचं उथळं.

तुळयांवर आडवे सर, सरांवर किलचन, त्यावर पाला आणि सगळ्यांवर पांढरी माती, असं हे माळवद. पांढरी हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षं एकाच जागी घरं पडत गेली, चुलींची राख साचत गेली आणि गावाखालची माती भुरकट झाली. ही माती पाणी लवकर मुरू देत नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ती टोपल्यांनी माळवदावर जायची. पूर्वजांच्या पडलेल्या घरांची माती नातवंडांच्या डोक्यावर छत म्हणून यायची. कित्येक गावांतल्या गढ्या अशाच खणून संपल्या. याला कुणी नासधूस म्हणेल. मला हा घरांचा पुनर्जन्म वाटतो.

परभणीच्या उन्हाळ्यात या मातीची किंमत कळते. जाड भिंती, वर मातीचा थर आणि उजेडापुरतं साणं. रात्री माळवदावर अंथरुणं पडायची. घराला घर लागून असल्यामुळे पोरं माळवदामाळवदांवरून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला जायची. घर विकत घेताना ही गल्लीही आपोआप पदरात पडायची, तिचा वेगळा भाव नव्हता.

खरेदीखतात मात्र बाकी सगळं लिहिलेलं असे. चतुःसीमा सांगून झाली की ठरलेलं वाक्य यायचं: जल, तरू, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेपासह. या शब्दांचं कूळ फार जुनं आहे. मध्ययुगीन दानपत्रांत आणि ताम्रपटांत ‘अष्टभोग’ मोजले जातात. त्यात निधी, निक्षेप, जल आणि पाषाण आहेत. राजानं गाव दान देताना वापरलेली भाषा कुळकर्ण्याच्या कागदांतून उतरत पाच खणांच्या माळवदापर्यंत आली. निधी म्हणजे पुरलेलं धन. 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांवरच्या सापडलेल्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला देणं बंधनकारक केलं, तरी खतातला शब्द काही हलला नाही. भिंतीत कुठे तरी हंडा असेल ही आशा जुन्या घराच्या किमतीत थोडी धरलेली असतेच.

जुन्या वस्तीची ओढ केवढी असू शकते याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. इतिहासकार फेरिश्ता सांगतो, की अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी. बुऱ्हाण निजामशहानं वऱ्हाडच्या इमादशहाकडे मूळ गाव म्हणून पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नकार मिळाला, तेव्हा 1518 मध्ये त्यानं ती लढून घेतली. पाचशे वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये, त्याच पाथरीवरून पुन्हा वाद पेटला. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून गावाला 100 कोटी देण्याची घोषणा झाली आणि शिर्डीनं बंद पाळला. जन्मघर म्हणून दाखवतात त्या जागी आज मंदिर आहे. घराची ओढ राहिली, घर राहिलं नाही.



माळवदावरचा विश्वास उडाला तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपानं. किल्लारी परभणीपासून दूर, पण घरं तशीच होती: दगड-मातीच्या भिंती आणि वर दरसालच्या मातीचं ओझं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली कितीतरी झोपेतच छताखाली गाडली गेली. थंडावा देणारी मातीच जिवावर उठली. त्यानंतर मराठवाड्यात ज्याला परवडलं त्यानं पत्रा किंवा स्लॅब घातला, आणि त्याला मी तरी दोष देणार नाही.

आता वाड्याला गिऱ्हाईक येतं ते खतातला एकेक शब्द सुटा करून. काष्ठ घनफुटानं मोजून ट्रकमध्ये चढतं. शहरातल्या हॉटेलात किंवा फार्महाऊसवर कोरीव खांब उभे राहतात. पाषाण दुसऱ्याच्या जोत्याला जातो. उरलेला प्लॉट चौरस फुटानं विकला जातो. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचं मोजमाप ड्रोननं होऊ लागलं, घरमालकाला मालमत्ता पत्रक मिळू लागलं. कर्जासाठी ते उपयोगाचंच. पण वरून बघणाऱ्या ड्रोनला खण दिसत नाहीत.

तुमचं माळवद उतरवायचं ठरलं असेल तर जरूर उतरवा. फक्त लाकूडवाला येण्याआधी खण मोजून कुठे तरी लिहून ठेवा, आणि ट्रंकेतलं जुनं खत, मग ते मोडीत असो की निजामाच्या काळातल्या उर्दूत, जाणकाराकडून एकदा वाचून घ्या.