सूर्यप्रकाश आणि डोळा

ऊन डोळ्याला किती बाधते हे ते किती दिपवते यावरून कळत नाही. किरणांची तरंगलांबी, त्यांची दिशा आणि ते कशावरून परततात, यांवर ते ठरते. सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरचा दृश्य प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. त्याखालचे अदृश्य अतिनील किरण बहुतांशी पारपटल आणि नेत्रभिंग शोषून घेतात. त्यामुळे पारपटलाचा दाह होतो आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो.

माध्यान्हीचे ऊन सर्वांत प्रखर. पण भुवईचे हाड आणि मिटत आलेल्या पापण्या त्याला बरेच थोपवतात. सकाळचे व कलत्या दुपारचे ऊन थेट समोरून शिरते. कडेचे ऊन त्याहून फसवे. कानशिलाकडून आलेला किरण पारपटलाच्या वक्रतेमुळे वळतो आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतो, हे ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी दाखवले. बुबुळावर चढणारा मांसाचा पडदा (टेरिजियम) बहुधा नाकाच्याच बाजूने का वाढतो, याचा उलगडा त्यातून होतो. उन्हातान्हात राबणाऱ्यांत हा विकार अधिक आढळतो. गांधी टोपीला काठ नसतो, त्यामुळे डोळ्यांवर सावली पडत नाही. शेतावर रुंद काठाचीच टोपी हवी. नुसत्या काळ्या काचांचा स्वस्त गॉगल तर घातक, कारण बाहुली विस्फारते आणि अतिनील किरण न अडल्यास ते जास्तच आत जातात.

गवत जेमतेम १० टक्के अतिनील किरण परतवते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. शिवाय दर १,००० मीटर उंचीला हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. लडाखसारख्या प्रदेशात हिमांधता येते ती यामुळे. बर्फातून फिरून आल्यावर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी गळते, उजेड सोसवत नाही. एक-दोन दिवसांत बहुधा आराम पडतो.

सावलीतला मोकळा उजेड मात्र मुलांना हवाच. घराबाहेर अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांत लघुदृष्टिता कमी आढळते.

सर्वांत मोठे भय ग्रहणाचे. झाकोळलेला सूर्य डोळ्याला सोसवतो म्हणून माणूस टक लावून बघतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे नजरेच्या ऐन मध्यावर इजा होते आणि ती काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी लक्षात येते. ती कायमची राहू शकते. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. २ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसेल. ते प्रमाणित ग्रहणचष्म्यातूनच पाहावे आणि मुलांना एकटे सोडू नये.