रूळ उचलणारी पहार

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं तलवार, तोफ आणि सिंहासन हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज ज्या वस्तूविषयीं चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे, तिला असला मान कधीं मिळालेला नाहीं. ती म्हणजे लोखंडी पहार. आमच्या चांद्याकडे तिला सब्बल असेंहि म्हणतात. विहीर खणणारा, दगड फोडणारा, कुंपणाचे खांब रोवणारा अशा सर्वांच्या हातीं ती असते. परंतु मला आज सांगावयाचें आहे तें रेल्वेच्या मार्गावरील पहारीविषयीं. रूळ आणि त्याखालचा स्लीपर वर उचलून धरण्याचें काम गेलीं दीडशें वर्षें ती मुकाट्यानें करीत आली आहे.

अहेरीसारख्या गांवीं राहणाऱ्या मनुष्यानें हा विषय कां घ्यावा, असें कोणी विचारील. अहेरीस रेल्वे नाहीं. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं स्वतंत्र झाला. त्याच्या अगदीं उत्तर टोंकाला वडसा येथें आगगाडी भेटते. वडशाहून गडचिरोलीपर्यंत नवा मार्ग घालण्याचें काम हातीं घेतलेलें आहे, पण तोहि अहेरीपासून दूरच राहणार. आम्ही गाडीस बसावयाचें तर बल्लारशास जातों. तरीहि मी हा विषय घेतला, याचें कारण असें कीं लोहमार्गाचें एक टोंक स्थानकांत असलें, तरी दुसरें टोंक रानांत असतें. आणि रान तर आमच्या दाराशीं आहे.

प्रथम स्लीपर म्हणजे काय तें पाहूं. दोन रुळांखालीं ठराविक अंतरानें ज्या आडव्या तुळया घातलेल्या असतात, त्यांस स्लीपर म्हणतात. त्यांचीं कामें दोन. दोन रुळांमधील अंतर ढळूं द्यावयाचें नाहीं, आणि गाडीचा भार खालच्या खडीवर सारखा पसरावयाचा. आपल्या मोठ्या मार्गावर रुळांमधील अंतर साडेपांच फूट असतें. तेथील लांकडी स्लीपर सुमारें ९ फूट लांब, १० इंच रुंद व ५ इंच जाड. आतां वर्गांत घालावें तसें एक सोपें गणित घालतों. मैलाचे वार १७६०. वारास एक स्लीपर धरला, तरी एका मैलास १७६० स्लीपर लागले. शंभर मैलांस पावणेदोन लाखांहून अधिक झाले. शिवाय लांकूड कांहीं अमर नव्हे. पाऊस, ऊन आणि वाळवी यांच्या तोंडीं तें पडतें, आणि दहापंधरा वर्षांत पुन्हा नवें घालावें लागतें. म्हणजे मार्ग एकदां बांधला कीं रानाचें ऋण फिटलें, असें नाहीं. तें ऋण पिढीमागून पिढी वाढतच जातें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. तें अंतर अवघें २१ मैल होतें. पुढें मार्ग भराभर वाढले. घाट फोडून गाडी वर चढली आणि १८६७ सालीं नागपुरास पोंचली. १८७० मध्यें मुंबई व कलकत्ता हीं शहरें लोहमार्गानें जोडलीं गेलीं. एवढ्या मार्गास लांकूड आणावयाचें कोठून? आरंभीं कांहीं स्लीपर तर विलायतेहून जहाजांतून आणीत. उत्तर युरोपांतील पाइन वृक्षाचें तें लांकूड डांबरी तेल पाजून टिकाऊ केलेलें असे. वाळवीस कंटाळून ओतीव लोखंडाचे, उपड्या वाडग्यांसारखे स्लीपरहि कित्येक मार्गांवर घातले गेले. परंतु मोठा भार पडला तो येथल्याच साग, साल आणि देवदार या वृक्षांवर. मध्य प्रांताचीं रानें रेल्वेसाठीं बेसुमार तोडलीं गेलीं, हें त्या काळच्या वनाधिकाऱ्यांनींच लिहून ठेविलें आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सरकारला रानाची काळजी वाटूं लागली, ती लांकूड संपूं लागल्यामुळें. लॉर्ड डलहौसी यांनीं १८५५ सालीं वनरक्षणाचें धोरण आंखलें. १८६४ मध्यें डिट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ मध्यें पहिला वनकायदा आला आणि १८७८ मध्यें दुसरा, अधिक कडक असा. रान राखीव झालें. झाडें वांचलीं, हें खरेंच. पण ज्या गोंड व माडिया लोकांचें सारें जीवन त्या रानावर चालत होतें, त्यांस आपल्याच रानांत कुऱ्हाड नेण्यास परवानगी विचारावी लागली. रान तोडलें तें दूरच्या मार्गासाठीं. राखलें तेंहि बव्हंशीं दूरच्या गरजेसाठीं. दोन्ही वेळां रानांतल्या माणसाला विचारणारें कोणी नव्हतें.

अहेरीची जमीनदारी चांदा जिल्ह्यांतील सर्वांत मोठी होती. तिचा विस्तार अडीच हजार चौरस मैलांहून अधिक होता. प्राणहितेच्या कांठचें हें रान सागासाठीं प्रसिद्ध. अहेरीजवळच्या आलापल्लीचा साग बल्लारशाच्या वखारींत जाई आणि तेथून रेल्वेनें देशभर पसरे. १९२९ सालीं काझीपेट व बल्लारशा हे मार्ग जोडले गेले. दिल्लीहून मद्रासेस जाणारी गाडी आमच्या जिल्ह्याच्या कडेनें धांवूं लागली, आणि सागाला उत्तर व दक्षिण अशा दोन्ही दिशा मोकळ्या झाल्या. रानांत ओंडके ओढण्यास हत्ती असत. अहेरी तालुक्यांतील कमलापूर येथें वनखात्याचा हत्तींचा तळ आहे. तेथील हत्तींचें मूळ काम हेंच. ओंडक्याखालीं सुळा घालून, मान किंचित् वळवून हत्ती तो कसा उलटतो हें ज्यानें पाहिलें असेल, त्याला पहारीचें तत्त्व निराळें शिकवावें लागत नाहीं.

आतां पहारीकडे वळूं. मार्गावरील पहार पुरुषाच्या खांद्याशीं येईल एवढी लांब, भरीव, आणि हातांत धरतां येईल इतपत जाड असते. एका प्रकारच्या पहारीचें तोंड छिन्नीसारखें चपटें असतें. ती रुळाखालीं वा स्लीपरखालीं शिरते. दुसरीच्या तोंडास हरणाच्या खुराप्रमाणें चीर असते. तिच्या योगानें स्लीपरांत ठोकलेले खिळे उपटतात. जोडीला खडी दाबण्याचा बीटर, खडी ओढण्याचा पंजा, फावडें, घमेलें आणि स्लीपर धरून नेण्याचा मोठा चिमटा, एवढाच काय तो गँगचा संसार.

लांकडी स्लीपर बदलण्याची रीत अशी. प्रथम स्लीपरच्या दोन्ही अंगांची खडी उकरावयाची. मग चिरेच्या पहारीनें खिळे काढावयाचे. त्यानंतर दोन-तीन गडी चपट्या पहारी रुळाखालीं घालून, दगडाचा वा लांकडाचा टेकू देऊन रूळ अगदीं थोडा, बोट-दोन बोटें, वर उचलून धरतात. तेवढ्या फटींतून दुसरे गडी कुजलेला स्लीपर चिमट्यानें बाजूस ओढून काढतात व नवा आंत सारतात. मग खिळे ठोकावयाचे आणि खालीं खडी दाबावयाची. एका स्लीपरवर चौघे जण, प्रत्येक रुळापाशीं दोघे, पाठीस पाठ लावून बीटर छातीपर्यंत उचलतात आणि तिरकस मारा करितात. स्लीपरखालीं पोकळी राहिली कीं गाडीच्या प्रत्येक चाकागणिक तो वरखालीं होतो. आणि एक ढिला स्लीपर शेजारच्या दोघांस ढिला करितो.

मार्ग वांकडा झाला असेल तर तो सरळ करण्याचें कामहि पहारीचेंच. येथें एक बारकावा आहे. मार्ग बाजूस सारावयाचा असतांना पहार खडींत खोल आणि जवळजवळ उभी रोवावी लागते. उभ्या रेषेपासून तीस अंशांपेक्षां अधिक कलती ठेवूं नये असा नियम आहे. ती जास्त कलली तर मार्ग सरकण्याऐवजीं वर उचलला जातो. एकच पहार, एकच माणूस. पण कोन बदलला कीं काम बदललें. भूमितीचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाहीं.

या धड्याची माझी स्वतःची एक आठवण आहे. शाळेंत तरफ शिकवितांना मीं फळ्यावर आकृति काढली आणि टेकू तरफेच्या बरोबर मध्यें दाखविला. वर्गांत एक मुलगा होता. त्याचा बाप रेल्वेवर गँगमन होता. तो उठून म्हणाला, "गुरुजी, टेकू मधांत ठेवला तर रूळ हलणार नाय." मुलें हंसलीं. मीं त्याला खालीं बसविलें. आकृति चूक नव्हती, पण मुलगा अधिक खरा होता, हें मला घरीं गेल्यावर उमगलें. पुढें त्याचे वडील कांहीं कामानें गांवीं आले, तेव्हां मीं त्यांस शाळेंत बोलाविलें. त्यांनीं अंगणांतील एक मोठा धोंडा, त्याखालीं पहारीचें टोंक आणि टोंकाजवळ लहानसा दगड ठेवून, एका हातानें उचलून दाखविला. गणित सोपें आहे. पहार ६६ इंचांची, आणि टेकू टोंकापासून ६ इंचांवर. मग हाताकडील बाजू ६० इंच, म्हणजे दसपट. हातानें ३० किलोंचा दाब दिला तर पलीकडे ३०० किलो उचलले जातात. ते मुलांस म्हणाले, "पहारीवर छाती टेकूं नका, दोन पायांमध्यें ती घेऊं नका. निसटली तर ती कोणाची नाय." त्यांच्या हनुवटीवर एक जुना व्रण होता. त्याविषयीं त्यांनीं कांहीं सांगितलें नाहीं आणि मींहि विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्या मुलाला उभें करून मीं सांगितलें कीं काल तूं बरोबर होतास. शिक्षकाच्या आयुष्यांत असे दिवस थोडे येतात, पण ते यावेत.

आमच्या चांद्याचा लोखंडाशींहि जुना संबंध आहे. लोहारा येथील लोहखनिजावर रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञानें लिहिलेला अहवाल १८८२ सालीं जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत आला, आणि पोलादाच्या कारखान्याचा विचार त्यांच्या मनांत रुजला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामीं उपयोगी पडला नाहीं, आणि कारखाना शेवटीं दूर साकची येथें झाला. ज्या कारखान्यानें पुढें देशाला रूळ दिले, त्याचें स्वप्न चांद्याच्या डोंगरावरून पाहिलें गेलें होतें, हें आपल्या मुलांस ठाऊक असावें.

आतां काळ पालटला आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनें लांकडाऐवजीं इतर द्रव्यें वापरण्यावर भर दिला. आज बहुतेक मार्गांवर सिमेंट काँक्रीटचे स्लीपर आहेत. लांकडी स्लीपर साठ ते ऐंशीं किलोंचा. हा नवा अडीचशें किलोंहून जड. तो चिमट्यानें उचलून नेणें दोघांचौघांचें काम राहिलें नाहीं. म्हणून यंत्रें आलीं, आणि खडी दाबण्याचें बरेंच काम तींच करितात. हें इष्टच झालें. आमचें रान त्यामुळें कांहीं अंशीं सुटलें. आलापल्लीचें 'वनवैभव' म्हणून जें सहा हेक्टरांचें जुनें रान जपून ठेविलें आहे, त्यास २०१४ सालीं जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. तेथील सागाच्या बुंध्याशीं उभें राहिलें म्हणजे काय गेलें आणि काय उरलें, याचा अंदाज येतो.

परंतु पहार गेली नाहीं. यंत्र पोंचत नाहीं तेथें, सांध्यापाशीं, पावसांत मार्ग खचला असतां, अजूनहि तीच लागते. गँगमनला आतां ट्रॅक मेन्टेनर असें नवें नांव मिळालें आहे. ऊन मात्र तेंच आहे. असें काम चालूं असतांना मोठ्या मार्गावर ६०० मीटरांवर आडवें लाल निशाण लावतात, आणि १२०० मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतरानें तीन फटाके रुळावर ठेवतात. गाडी आणि पहार धरलेला माणूस यांच्यामध्यें एवढाच पडदा असतो.

श्रोतेहो, आपली गाडी मध्येंच माळावर मंद झाली तर आपण चिडतों आणि घड्याळाकडे पाहतों. माझी एवढीच विनंति आहे कीं त्या वेळीं खिडकीबाहेर पाहावें. मार्गाच्या कडेला पांच-सहा माणसें पहारी टेकून, गाडी जाण्याची वाट पाहत उभीं असतील. गाडी निघून गेली कीं तीं पुन्हां वांकतील. त्यांच्यापैकीं कोणी हात वर केला, तर आपणहि करावा.