इंद्रावतीकाठची रानम्हैस

गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात, कमलापूरजवळ कोलामार्काचे जंगल आहे. महाराष्ट्रात रानम्हैस उरली आहे ती याच टापूत. रानम्हैस म्हणजे गवा नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. इंग्रज शिकारी गव्याला 'बायसन' म्हणत, त्यामुळे नावांचा गोंधळ आणखी वाढला. रानम्हैस ही आपल्या गोठ्यातील म्हशीची पूर्वज.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्यात रानम्हशींच्या शिकारीची वर्णने आहेत. त्या काळी जुन्या चांदा जिल्ह्याच्या पूर्व भागातून थेट बस्तरपर्यंत तिचे कळप हिंडत. (चंद्रपूर आणि गडचिरोली वेगळे झाले ते २६ ऑगस्ट १९८२ रोजी.)

सारा दोष बंदुकीवर टाकणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरते. या प्राण्याला नदीकाठचे गवत आणि उन्हाळ्यातही न आटणारे डोह लागतात. नेमकी तीच जमीन नांगराखाली गेली, तेथेच गावची गुरे चरू लागली. गुरांमागून बुळकांडीसारखे रोग जंगलात शिरले. सर्वांत छुपे संकट मात्र घरच्या म्हशीचेच. तिच्याशी संकर होत राहिला, तर कळप मोठा दिसतो आणि रानटी वंश आतून पुसला जातो.

इंद्रावतीवर भोपालपट्टनम आणि गोदावरीवर इचमपल्ली ही धरणे प्रस्तावित होती. १९८० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. लालश्यामशाह महाराज आणि बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. पुढे धरणे बारगळली. लढा आदिवासींच्या गावांसाठी आणि जंगलासाठी होता, रानम्हशीचे नाव त्यात क्वचितच कोणी घेतले असेल. तरी तिचा नदीकाठही बुडण्यापासून वाचला.

शेजारच्या छत्तीसगडचा ती राज्यप्राणी आहे. तेथील उदंती अभयारण्यात २००७ च्या सुमारास 'आशा' नावाची एकच मादी शिल्लक होती, आणि तिला होणारी रेडके बहुतेक नरच निघत. कोलामार्काला २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे १८० चौरस किलोमीटर. पलीकडे, इंद्रावतीच्या दुसऱ्या तीरावर, छत्तीसगडचे इंद्रावती राष्ट्रीय उद्यान आहे. कळपांना राज्याची सीमा ठाऊक नसते. दोन्ही तीरांवरील सशस्त्र संघर्षामुळे तेथे वर्षानुवर्षे त्यांची नीट मोजणीही होऊ शकली नाही.