तळटीप : ‘अंध आयझॅक’

१४. अंध आयझॅक : येथे व्यक्ती नव्हे, संगीतरचना अभिप्रेत आहे. ओस्वाल्दो गोलिहोव (जन्म १९६०, ला प्लाता, अर्जेंटिना) या ज्यू संगीतकाराने १९९४ मध्ये क्लॅरिनेट आणि तंतुवाद्य-चौकडी (दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो) यांच्यासाठी ‘अंध आयझॅकची स्वप्ने आणि प्रार्थना’ रचली. मूळ आयझॅक हा दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सचा, बाराव्या-तेराव्या शतकांतला रब्बी. कब्बाला या ज्यू गूढविद्येचा आचार्य. विश्वातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक घटना हिब्रू मुळाक्षरांच्या जुळणीतून घडते, अशी त्याची धारणा. लोक त्याला ‘सगी नहोर’ म्हणत. या आरामाईक शब्दांचा अर्थ ‘उदंड प्रकाश लाभलेला’. आपल्याकडच्या ‘प्रज्ञाचक्षू’ची आठवण करून देणारे हे नाव.

रचनेत पूर्वरंग, तीन भाग व उत्तररंग आहेत. हे तीन भाग अनुक्रमे आरामाईक, यिडिश आणि हिब्रू भाषांतले आहेत, असे गोलिहोव सांगतो. गायन मात्र कुठेच नाही; भाषा ती वाद्यांच्या उच्चारांची. क्लॅरिनेटवादन क्लेझ्मर पद्धतीचे, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या लग्नसमारंभांत वाजणाऱ्या संगीताचे. त्यात सूर घसरत खाली येतो, मध्येच तुटतो, हुंदका द्यावा तसा. म्हणून वरच्या उताऱ्यातले ‘क्लॅरिनेट रडते’ हे शब्द अलंकारिक समजू नयेत. लेखकाने कानांनी ऐकले तेच लिहिले आहे. डेव्हिड क्राकाउअर (क्लॅरिनेट) आणि क्रोनोस क्वार्टेट यांचे ध्वनिमुद्रण १९९७ मध्ये निघाले.