वाटीतलं पाणी

न्हाव्याच्या धंद्याचा इतिहास सांगायचा म्हटलं की सगळे वस्तऱ्यापाशी जाऊन थांबतात. मी त्याच घरात जन्मलो, आणि माझ्या मते तो पाण्याच्या वाटीपासून सांगायला हवा. केस कापतो वस्तरा, पण केसाला कापण्याजोगं करतं पाणी. दाढीचा कोरडा केस राठ असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मुरलं की तो फुगून मऊ होतो आणि हलक्या हाताने निघतो.

एवढ्याच गोष्टीसाठी एकोणिसाव्या शतकात साहेबांकडे खास भांडं निघालं, शेव्हिंग स्कटल. चिनी मातीचा मग आणि त्याला पुढे रुंद चोच. पोटात गरम पाणी भरायचं, वर भोकं असलेल्या खोलगट जागेत साबणाची वडी ठेवायची, चोचीतून ब्रश पाण्यात बुडवायचा आणि साबणावर घोळवायचा. उरलेलं पाणी भोकांतून खाली गळतं, वडी चिघळत नाही, फेस शेवटपर्यंत ऊन राहतो. माझ्याकडे असा एक मग आहे. रोज सकाळी तो हातात घेताना मला आमच्या आजाची पितळी वाटी आठवते.

आजा पन्हाळ्याच्या पायथ्याला बलुतं सांभाळायचा. त्याच्या धोकटीत वस्तरे, कातर, नखं काढायची नऱ्हाणी, निसणा, चामड्याचा पट्टा, छोटा आरसा आणि ती वाटी. साबण नाही, ब्रश नाही. वाटीतलं पाणी गिऱ्हाइकाच्या घरचं. डाव्या हातात वाटी, उजव्या हाताची बोटं पाण्यात बुडवून तो कानापासून हनुवटीपर्यंत केसांच्या उलट दिशेने चोळत जायचा. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. गिऱ्हाईक गावगप्पा सांगत असायचं, आजाचं लक्ष बोटांकडे. खुंट बोटांना टोचेनासे झाले की मगच वस्तरा उघडायचा. फेसाचं काम त्याचा अंगठा करायचा. या कामाचे पैसे हातात पडत नसत. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं. जावळ, लग्न, दहावा, सगळं त्याच धान्यात.

या वाटीला आमच्या समाजात मोठा मान. सेना महाराजांची कथा घरोघर सांगतात: ते पूजेत रमले, राजाचं बोलावणं आलं, तेव्हा खुद्द पांडुरंग धोकटी घेऊन गेला आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसलं. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी होते. आणि आमच्या भागाचा अभिमान म्हणजे नेबापूरचा न्हावी शिवा काशीद. जुलै 1660 मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा असताना तो शिवाजी महाराजांच्या वेशात पालखीत बसला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. महाराज विशाळगडाकडे निसटले. पन्हाळ्याला जाणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या समाधीपुढे थांबावं असं मला मनापासून वाटतं.

पण या वाटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती गावातल्या प्रत्येकासाठी नव्हती. डॉ. आंबेडकरांनी साताऱ्यातल्या लहानपणाबद्दल लिहिलं आहे, की त्यांचे केस थोरली बहीण कापायची. न्हावी नव्हते किंवा पैसे नव्हते म्हणून नाही, तर अस्पृश्याला हात लावायला कुणी न्हावी तयार नव्हता म्हणून. आमचा आजाही महारवाड्यात कधी गेला नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1919 मध्ये विहिरी, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूम काढले, अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे चहा प्यायले. तरी बलुत्याची वाटी जागची हलली नाही, आणि ते मला आजही सलतं. त्याच धंद्यातल्या माणसांनी 1890 मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. वस्तरा खाली ठेवणं त्यांना जमलं होतं. आमच्याकडे तो सगळ्यांसाठी उचलणं तेवढं जमलं नाही.

पुढे दुकानं आली. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 ची. शहर वाढलं, पेठापेठांतून खुर्च्या नि मोठे आरसे लागले. आमच्या वडिलांनी बलुतं सोडून शहरात दुकान टाकलं. रोख पैसे देणाऱ्याची जात विचारायची नाही, हा त्यांचा पहिला नियम, आणि मला त्यांच्या सगळ्या कमाईत तो मोठा वाटतो. दुकानात स्टोव्हवर पातेलं चढलेलं असायचं. ॲल्युमिनियमच्या वाटीत ऊन पाणी, गोल साबण, ब्रश. चोच सोडली तर साहेबाचा मगच.

दुकानाला खरा धक्का जिलेटच्या रेझरने दिला. अमेरिकेत 1903 मध्ये त्याचे फक्त 51 रेझर खपले होते, पण पुढे पातं बदलायची ही युक्ती जगभर गेली. इथेही घराघरांत रेझर आले आणि रोजची दाढी न्हाणीघरात गेली. दुकानात उरले ते केस कापणारे आणि रविवारचे निवांत लोक.

आता आमचं दुकान भाचा चालवतो. हातात अर्ध्या ब्लेडचा वस्तरा, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं. ते उत्तमच झालं. मात्र वाटी गेली. प्लॅस्टिकच्या बाटलीतून गार पाण्याचा फवारा, ट्यूबमधलं क्रीम आणि मिनिटभरात दाढी सुरू. मानेवर पुरळ उठतं ते इथेच. मी त्याला सांगून ठेवलंय, फवारा ठेव बाबा, पण त्यात ऊन पाणी भर आणि क्रीम लावण्याआधी दोन मिनिटं बोटांनी चोळ. थंडीत तो ऐकतो. उन्हाळ्यात अजून सांगावं लागतं.