सहस्रकुंड : धार एक, दप्तरं दोन



पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आपल्यातल्या बहुतेकांनी निदान मोबाईलवर तरी पाहिलाय. पावसाळ्यात रिळा येतात, सेल्फी येतात. पण हा धबधबा शंभर वर्षं सरहद्दीवर होता आणि त्या सरहद्दीचे कागद आजही आपल्या पेटीत आहेत, हे फारसं कोणी सांगत नाही. आज पिकाचं बाजूला ठेवून तेवढंच लिहितो.

मूग काढून झाल्यावर दोन दिवस वावरात पाय ठेवता येईना, तेव्हा आम्ही चौघं ताडकळसहून पूर्णेला गेलो आणि तिथून नांदेड, मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरकडं पोचलो. या लाईनवर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे. गाड्या थांबतात तिथून महादेवाच्या मंदिरापर्यंत आणि पुढं खडकावर, चालणं म्हणाल तर दहा-पंधरा मिनिटांचं. बाजूला साग, पळस, मोह. आपल्या ताडकळसच्या उघड्या काळ्या रानातून गेलेल्या माणसाला एवढी झाडी बघूनच बरं वाटतं.

आधी दगड बघा. ज्यांनी विहीर खोदली त्यांना हा धबधबा शिकवावा लागत नाही. काळा पाषाण, खाली मांजऱ्या, मधी कुठं लाल गेरूचा पट्टा, परत पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहून आला, त्याचे हे थर. नदी मऊ थर कोरत जाते, कठीण थर उभा राहतो, आणि पाणी त्याच्यावरून खाली पडतं. पाण्याबरोबर गरगर फिरणारे गोटे पाषाणाला खळगे पाडतात. सहस्रकुंड म्हणजे हजार कुंडं, नाव तिथूनच सुचलं असावं असं मला वाटतं. पाण्याचा रंग मात्र चहाचा होता. अजिंठ्याच्या डोंगरातून बुलढाणा, वाशिम, हिंगोलीकडून पैनगंगा येते, वर हदगाव तालुक्यात कयाधू मिळते. म्हणजे त्या धारेत हिंगोलीच्या वावरांची माती पण आहे. बांध न घातलेल्या वावराची जरा जास्तच.

आता मुद्द्यावर येतो. आपण ज्या काठावर उभे राहतो तो नांदेड जिल्हा, मराठवाडा. समोरचा काठ, मुरलीकडचा, तो यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड तालुका, विदर्भ. आज मधी फक्त पाणी आहे. १८५३ मध्ये मात्र निजामानं कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, आणि पैनगंगा ही दोन राज्यकारभारांमधली रेघ झाली. १९०२ मध्ये कर्झननं ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतलं. गंमत बघा, कागदावर वऱ्हाडचा मालक तरीही निजामच. १९३६ च्या करारानंतर त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणायचे. मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची. हे दुखणं आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही!

या रेघेनं शेतकऱ्याचं काय केलं? पलीकडं १८६० नंतर मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं मोजणी झाली, रेल्वे आली, खामगाव-अमरावतीचे कापूस बाजार उभे राहिले. अलीकडं सालारजंगानं जिल्हाबंदी केली, मोजणीही आली, पण जहागिरी तशाच राहिल्या. मनमाड-हैद्राबाद रेल्वे परभणी-पूर्णेत पोचायला १९०० साल उजाडलं. नाणंही वेगळं, अलीकडं हाली सिक्का, पलीकडं कलदार. शंभर कलदारला ११६-११७ हाली मोजावे लागत. आणि माल नदी ओलांडून न्यायचा-आणायचा तर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात.

मंदिराच्या ओट्यावर एक म्हातारे बाबा बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, “माझ्या बापाची सासुरवाडी त्या काठाला. लग्नाची भांडी घेऊन बैलगाडी आली, तर नाक्यावर भांड्याची करोडगिरी भरली. नवरी तेवढी फुकट आली.” आणि स्वतःच हसले.

हा इस्लापूरचा भाग त्या काळी नांदेड जिल्ह्यात नव्हताच. तो आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचा एक सर्कल होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात ‘बोथ तालुक्याचा इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका’ असं नाव घेऊन हा पट्टा मुंबई राज्यात आणला. १ नोव्हेंबर १९५६ पासून दोन्ही काठ पुन्हा एका राज्यात आले. आदिलाबाद जिल्हा म्हटलं की कोमुरम भीम आठवतो. राखीव जंगल आणि जमिनीच्या प्रश्नावर गोंडांनी उठाव केला, त्यात १९४० मध्ये तो मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला तिकडं पाठवलं आणि आदिवासींना जमिनीचे पट्टे द्यायला सुरुवात झाली. किनवटकडचे गोंड, कोलाम, आंध या जंगलात आपल्या आधीपासून आहेत, एवढं आपण सहलीला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मुक्तिसंग्रामात ही रेघ उलटी कामाला आली. निजामाचे पोलीस आणि रझाकार पलीकडं जाऊ शकत नव्हते, म्हणून स्टेट काँग्रेसचे कॅम्प सरहद्दीवर लागले. वऱ्हाडच्या बाजूला उमरखेडला असाच कॅम्प होता. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक फोडली, त्या कामात या कॅम्पची माणसं होती. ज्या पाण्यानं माल अडवला त्याच पाण्याआड माणसं वाचली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मोकळं झालं.

राज्य एक झालं तरी दप्तर एक झालं नाही, आणि माझ्या मते खरा घोर तिथंच आहे. आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत दोन कागद उर्दूत आहेत. घरात ते वाचणारं आता कोणी नाही. निजामाच्या कचेरीत आधी फारसी चालायची, १८८० च्या दशकात उर्दू आली. त्यावर साल असतं फसली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतो. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. जहागिरी १९४९ मध्ये गेल्या, १९५० ला हैद्राबादचा कूळ कायदा आला, आणि आजही मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की वकील पहिल्यांदा १९५४ चं खासरा पाहणी पत्रक मागतो. नदीपलीकडच्या शेतकऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्याचे कायदे वेगळे होते, कागद वेगळे.

जातीच्या नोंदीचंही तेच. वऱ्हाडात ज्याच्या कागदावर ‘कुणबी’ लागलं, त्याच्या अलीकडच्या सोयऱ्याच्या कागदावर ‘मराठा’. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकाळातलं दप्तर शोधायला लागली, २ सप्टेंबर २०२५ ला हैद्राबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला. कोणाची बाजू बरोबर यात मी पडत नाही. १८५३ ची रेघ तलाठ्याच्या टेबलावर अजून पुसलेली नाही, एवढं मात्र दिसतं.

धबधब्याचं पाणीही आता पूर्वीसारखं आपल्या मर्जीनं येत नाही. वर इसापूरचं धरण आहे. ते भरलं आणि दरवाजे उघडले तर सहस्रकुंड एकदम फुगतं, नाहीतर जोरात पाऊस झाल्यावर चार दिवस. म्हणून जाणार असाल तर इसापूरच्या विसर्गाची बातमी बघून जा, आणि शेवाळलेल्या पाषाणावर कडेला जाऊ नका. आम्ही होतो तेव्हा दोन पोरं अगदी टोकाला उभी होती, त्यांना मागं ओढावं लागलं. हेच पाणी पुढं वर्धा नदीत, तिथून प्राणहितेत आणि सिरोंचाजवळ आपल्या गोदावरीत मिळतं. म्हणजे पूर्णेचं आणि पैनगंगेचं पाणी शेवटी भेटतंच, लांबून का होईना.

एक काम सांगतो. घरातली जुनी पेटी या उघडिपीत उघडा. उर्दू, मोडी, फसली सालाचा कुठलाही कागद सापडला, करोडगिरीची पावती सापडली, तर लॅमिनेशन करू नका, त्यानं शाई आणि कागद दोन्ही जातात. उन्हात वाळवू नका, सावलीत हवा द्या. दोन्ही बाजूंचा नीट फोटो काढा आणि उर्दू वाचणारा एखादा जुना माणूस गावात आहे तोवर त्याच्याकडून वाचून घ्या. आमचे दोन कागद घेऊन मी येत्या सोमवारी पूर्णेला एका निवृत्त मास्तरांकडं चाललोय. काय निघतं ते कळवतो.