एका दांड्यावरची भिस्त
खाणीत उतरणाऱ्या माणसाचे प्राण जितके दोरावर, तितकेच तो दोर आवरणाऱ्या यंत्रावर अवलंबून असतात. वाफेच्या युगात पाळणा वेळीच न थांबल्यास वरच्या चाकापर्यंत खेचला जाई, दोर तुटे आणि माणसे विवराच्या तळाशी कोसळत. १८६० च्या दशकात लँकेशायरमधील एडवर्ड ऑर्मरॉड यांनी यावर एक आकडा योजला. पाळणा मर्यादेपलीकडे गेला की लोखंडी कड्यातून जाताना आकड्याची पाती फिरत. दोर सुटे आणि पाळणा तेथेच अडकून राही. पुढे ठरलेला वेग ओलांडताच आपोआप ब्रेक लावणारी साधने आली.

तथापि ३० जुलै १९७३ रोजी डर्बीशायरमधील मार्कहॅम कोळसाखाणीत २९ कामगारांना घेऊन उतरणारा पाळणा तळावर आदळला. १८ जण मृत्युमुखी पडले. ब्रेकमधील एक पोलादी दांडा वारंवारच्या ताणाने हळूहळू चिरत जाऊन तुटला होता. चालकाने आपत्कालीन कळ दाबली. परंतु तिचीही भिस्त त्याच ब्रेकवर होती. चौकशीनंतर, एकाच भागावर सारा भार असलेल्या ब्रेकरचना बदलण्यावर भर देण्यात आला.

पहारेकरी कितीही नेमले, तरी सर्वांच्या हाती एकच काठी असेल, तर ती मोडताच सारेच निःशस्त्र होतात.